स्लेजवरचे ओझे: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

गुलमर्गच्या किंवा सोलंगच्या उतारावर घटकाभराची फेरी मारून आलेल्या मराठी प्रवाशाच्या मनात स्नोमोबाइल हे वाहन करमणुकीचे म्हणूनच नोंदले गेलेले असते, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. परंतु उत्तर कॅनडाच्या नुनाव्हुट प्रदेशात, जेथे एका वस्तीहून दुसऱ्या वस्तीस नेणारा रस्ता जवळजवळ नाहीच, किंवा अलास्काच्या अंतर्भागात, जेथे हिवाळ्यात गोठलेली नदी हाच राजमार्ग होतो, तेथे याच वाहनाच्या भरवशावर लोकांच्या घरी जळण, रॉकेल, पीठ आणि शिकारीचे मांस येत असते. क्यूबेक प्रांतातील व्हॅल्कोर्ट गावच्या जोझेफ-आर्मांड बोंबार्दिए याने १९५९ साली 'स्की-डू' विक्रीस आणली आणि पुढील काही दशकांत ध्रुवीय मुलखातील ओढकामातून कुत्र्यांची बहुतेक ठिकाणी उचलबांगडी झाली. मात्र ओढणारा बदलला तरी ओढले जाणारे साधन तेच राहिले. खुद्द स्नोमोबाइलवर फारसा माल मावत नाही. खरा बोजा मागच्या स्लेजवर असतो, आणि त्या बोजाच्या बंदोबस्ताविषयी नवख्या मनुष्याच्या ज्या कल्पना असतात त्यांपैकी बहुतेक त्याने मोटारीच्या टपावरून उचललेल्या असतात.

सर्वांत रूढ गैरसमज असा की, पट्टा पुरेसा आवळला म्हणजे माल जागचा हलत नाही. रॅचेटचा पट्टा मालावरून आडवा टाकावा, खटक्याचा दांडा कटकट आवाज करीत जितका फिरेल तितका फिरवावा आणि हात झटकून निघावे, हा नवशिक्यांचा शिरस्ता. यात दोन गोष्टी नजरेआड होतात. पहिली अशी की, वरून टाकलेला पट्टा मालाला फक्त खाली दाबतो. मालाला पुढेमागे सरकू न देण्याचे काम त्या दाबामुळे तळाशी उत्पन्न होणाऱ्या घर्षणाने व्हायचे असते, आणि प्लॅस्टिकची पेटी प्लॅस्टिकच्या तळावर ठेवून मध्ये भुरभुरत्या हिमाचा थर बसला म्हणजे ते घर्षण नाममात्र उरते. दुसरी गोष्ट धक्क्याची. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी स्लेज वाऱ्याने कडक झालेल्या हिमाच्या वरंब्यावर आदळून एका मीटरच्या अंतरात थांबली, तर तिच्यावरील प्रत्येक जिन्नस आपल्या वजनाच्या सुमारे सहापट जोराने पुढे झेपावतो. २० किलोचा डबा त्या क्षणी सव्वाशे किलोच्या ओझ्याइतका रेटा देतो. वेग दुप्पट झाला आणि थांबण्याचे अंतर तेच राहिले तर हा रेटा चौपट होतो. एवढा भार केवळ दाबाने तोलण्याची अपेक्षा पट्ट्याकडून करणे म्हणजे त्याच्यावर अन्याय करणे होय.

वस्तुस्थिती अशी आहे की, माल धरला जातो तो मुख्यतः रचनेने. दोर त्या रचनेवर शिक्कामोर्तब करतो. जड पेट्या प्रथम, तळाशी, एकमेकींना भिडवून आणि स्लेजच्या पुढच्या आडकाठीला टेकवून ठेवायच्या. त्यांच्यामधल्या फटींत कपड्यांच्या गाठोड्यांसारखा मऊ माल ठासायचा. आणि मागच्या बाजूसही अडसर राहील अशी तजवीज करायची. असे केले म्हणजे धक्का बसला तरी सरकावयास जागाच नसते. गठ्ठ्याचा माथा सपाट न ठेवता मध्यभागी किंचित फुगीर ठेवतात, कारण सपाट माथ्यावरून गेलेला दोर फक्त दोन्ही कडांवर दाब देतो आणि मधला माल मोकळाच राहतो; कडब्याची गाडी भरणारा आपल्याकडचा शेतकरी हे न शिकवता जाणतो. हाताने हलवून पाहताना एकच पेटी न हलता सारी स्लेज हलली, तर रचना साधली असे समजावे.

या बाबतीत आमुंडसेनची हुशारी मला त्याच्या ध्रुवप्राप्तीइतकीच कौतुकास्पद वाटते. १९११ च्या डिसेंबरात दक्षिण ध्रुवावर पोहोचलेल्या त्या नॉर्वेजियन तुकडीच्या स्लेजवरील पेट्यांना वरच्या बाजूस दुधाच्या कॅनसारखी लहान गोल झाकणे बसविलेली होती. त्यामुळे रोजचा शिधा काढण्यासाठी एकही दोर सोडावा लागत नसे. पेटी बांधलेलीच राहायची, झाकण उघडून आतली सामग्री घेतली की काम झाले. ज्याला बोटे बधिर करणाऱ्या थंडीत दररोज संध्याकाळी सारी बांधणी सोडून दररोज सकाळी ती पुन्हा करावी लागते, त्याची बांधणी आठवड्याभरात ढिली होत जाते. आणि याचे कारण आळस नसून थंडी असते. म्हणून वाटेत वरचेवर लागणाऱ्या वस्तू मुख्य बांधणीच्या बाहेर, वेगळ्या पेटीत किंवा पिशवीत असाव्यात, हा नियम आजच्या स्नोमोबाइललाही तंतोतंत लागू आहे.

दुसरा गैरसमज लवचीक दोरीविषयीचा. दोन्ही टोकांना हूक असलेली ही रबरी दोरी स्कूटरच्या कॅरियरपासून सर्वत्र संचार करते, आणि ती ताणून अडकविणे इतके सोपे असते की मनुष्याला तिच्याविषयी एक प्रकारचा लोभ उत्पन्न होतो. परंतु तिचा स्वभावधर्मच बांधणीच्या विरुद्ध आहे. ती आधी ताणली जाते आणि मग धरते. अर्थात धरण्यापूर्वी ती मालाला हलण्याची मुभा देते. खाचखळग्यांतून जाताना पेटी उसळते, दोरी तिला परत खेचते, पेटी पुन्हा उसळते, आणि काही मैलांत ती आपल्या जागेवरून निसटलेली असते. त्यात थंडीची भर पडते. नैसर्गिक रबराचे स्फटिकीभवन उणे २५ अंश सेल्सियसच्या आसपास सर्वांत शीघ्र गतीने होते. त्या तापमानात बराच काळ ताणून राहिलेले रबर ताठर बनते आणि मोकळे सोडल्यावर पूर्ववत् आखडत नाही. शिवाय ताणलेला हूक कडीतून सुटला तर तो उलट फिरून ओढणाऱ्याच्याच तोंडावर येतो, आणि अशा हुकांनी डोळ्यांना गंभीर इजा झाल्याची उदाहरणे नेत्रवैद्यकाला अपरिचित नाहीत. ताडपत्रीची फडफड थांबविणे, एवढेच काम या दोरीला द्यावे.

दोराच्या जातीविषयी थोडक्यात सांगता येते. नायलॉन मजबूत खरा, पण तो पाणी शोषतो, ओला झाला की लांबतो आणि त्याची ताकद काही अंशी घटते. सकाळी घट्ट वाटलेली बांधणी दुपारी सैल होते आणि रात्री तीच गोठून लाकडासारखी होते. पॉलिएस्टरचा पट्टा किंवा दोर फारसा लांबत नाही व पाणीही जवळजवळ पीत नाही, म्हणून तो पसंत करावा. गाठ कोणतीही असो, तिचे शेवटचे टोक एका ओढीसरशी सुटेल असे सरकफाशाने अडकवावे, कारण जाड हातमोजे घालून बर्फाने आवळलेली गाठ सोडविता येत नाही आणि हातमोजे काढून उघड्या बोटांनी लोखंडाला स्पर्श करण्याची चैन उणे ३० अंशांत परवडत नाही. रॅचेटच्या दातऱ्यांत हिम शिरून गोठल्यास तो खटका उघडतही नाही नि बंदही होत नाही. अनुभवी लोक जवळ साधा दोर बाळगतात तो याच कारणाने.

आता एक गैरसमज असा, की जो सुशिक्षित मनुष्यालाच अधिक होतो. स्लेज जितकी ताठ आणि खिळेबंद, तितकी ती मजबूत, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात इन्युइट लोकांची 'कामुटिक' ही पारंपरिक स्लेज पाहावी: दोन लांब धावपट्ट्यांवर अनेक आडव्या फळ्या टाकलेल्या, आणि प्रत्येक फळी दोराने बांधलेली, खिळ्याने ठोकलेली नव्हे. समुद्रावरील बर्फाच्या उंचवट्यावरून जाताना एक धावपट्टी वर चढते, दुसरी खाली राहते, सबंध चौकट पिळली जाते आणि पुन्हा सरळ होते. सांधे कुरकुरतात, पण तुटत नाहीत. खिळ्याने जोडलेली चौकट हाच पीळ सहन करताना खिळ्याच्या भोकापाशी चिरते. १८८८ साली ग्रीनलंड ओलांडणाऱ्या फ्रित्योफ नान्सेनच्या नावाने जी स्लेज प्रसिद्ध आहे तिचेही सांधे बांधलेले असत, आणि तिचा वंश अंटार्क्टिकात मोटारयुगातही चालू राहिला. स्लेजला पिळण्याची मुभा आणि मालाला सरकण्याची बंदी, असा हा दुहेरी कायदा आहे. त्याचे कलम मालाच्या बांधणीतही येते: सबंध लांबीवरून एकच ताठ पट्टा ओढण्यापेक्षा आडव्या फळ्यांच्या टोकांखालून नागमोडी फिरत गेलेला दोर चौकटीबरोबर वाकतो आणि ताण सर्वत्र वाटून घेतो.

वजन कोठे ठेवावे याविषयीही मोटारीला ट्रेलर जोडणाऱ्यांचा अनुभव येथे दिशाभूल करतो. ट्रेलरला आस असतो आणि त्याच्या पुढे थोडे अधिक वजन ठेवणे इष्ट असते. स्लेजला आस नाही, ती आपल्या पूर्ण लांबीवर टेकते. तिचे नाक जड झाले तर ती मऊ हिमात नांगरासारखी शिरते. म्हणून जड माल मध्यावर किंवा मध्याच्या किंचित मागे आणि शक्य तितका तळाशी ठेवतात. उंचावर रचलेले वजन आडव्या उतारावर सबंध स्लेज कलंडविते.

ओढण्यासाठी दोर वापरावा की ताठ दांडा, या प्रश्नाचे एकच उत्तर देणारा मनुष्य बहुधा एकाच प्रकारच्या मुलखात फिरलेला असतो. स्लेजला स्वतःचा ब्रेक नसतो. डोंगराळ वाटेवर ती दोराने जोडलेली असेल तर उतारावर ती चालकाच्या पाठीवर येऊन आदळते. तेथे ताठ दांडाच हवा, आणि त्याच्या जोडणीतील खिळीला अडकविलेली बारीक तारेची क्लिप हिमाच्या घासण्याने गळून पडू शकते म्हणून सोबतीस एक सुरक्षेची साखळी हवी. उलट समुद्रावरील बर्फावर इन्युइट शिकारी लांब दोर पसंत करतात. पुढचे वाहन पातळ बर्फातून खाली गेले तर मागच्या स्लेजला सावरायला अंतर मिळते.

ताडपत्रीला बांधणी समजणे हा आणखी एक ठळक प्रमाद. स्नोमोबाइलचा पट्टा मागे सतत हिमाचा धुरळा उडवीत असतो, तो फटीफटींतून शिरतो आणि गोठतो. म्हणून ताडपत्री आधी स्लेजवर पसरून, माल तीवर रचून, मग चारी बाजूंनी लिफाफ्यासारखी दुमडावी आणि दोर त्यावरून जावा. इंधनाचे डबे उभे, घट्ट बुचाचे आणि अन्नापासून दूर असावेत. तेही काठोकाठ भरू नयेत: उणे ३० अंशांत भरलेला २० लिटरचा पेट्रोलचा डबा २० अंशांच्या उबदार शेडमध्ये आणला, तर आतले पेट्रोल जवळजवळ एक लिटरने फुगते.

गोव्यात वास्को येथे असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून ज्या भारतीय अंटार्क्टिक मोहिमांची आखणी होते, त्यांनाही हा सारा व्यवहार परका नाही. १९८१ साली पहिली मोहीम गोव्याहूनच निघाली होती. मैत्री हे ठाणे बर्फाच्या कड्यापासून सुमारे १०० किलोमीटर आत आहे, आणि जहाजातून उतरविलेली रसद तेथे पोहोचविताना 'पिस्टन बुली' ही अवजड पट्टेवाली वाहने मोठ्या स्लेजांचा काफिला ओढतात. परिमाण बदलते, सरकणारा माल आणि वाकणारी चौकट यांचे नियम बदलत नाहीत.

शेवटचा गैरसमज सर्वांत महाग पडणारा आहे: माल नीट बांधला म्हणजे तो सुरक्षित झाला. डग्लस मॉसन, झेव्हियर मर्ट्झ आणि बेलग्रेव्ह निनिस हे तिघे १९१२ साली अंटार्क्टिकाच्या पूर्वेकडील अज्ञात प्रदेशात दोन स्लेज घेऊन चालले होते. बर्फातील दरी आलीच तर पुढची स्लेज आधी तीत जाईल, असा सरळ तर्क करून त्यांनी तंबू, बहुतेक सारा शिधा आणि उत्तम कुत्री मागच्या स्लेजकडे ठेवली होती. १४ डिसेंबर रोजी पुढची स्लेज अशाच एका दरीवरील बर्फाच्या झाकणावरून निर्धोक पार झाली आणि मागची, निनिससह, खाली गेली. उरलेल्या दोघांजवळ दहा दिवसांपुरते अन्न आणि तळापर्यंत सुमारे ५०० किलोमीटरचे अंतर राहिले. मर्ट्झ वाटेत मरण पावला आणि मॉसन १९१३ च्या फेब्रुवारीत एकटा परत पोहोचला. ती स्लेज कुत्र्यांची होती, आजची यंत्राची असते, एवढाच फरक. दांडा मोडतो, खिळी गळते, बर्फ फुटते, आणि स्लेज गेली की तिच्यावरचे सर्व जाते. म्हणून चूल, काडेपेटी, झोपण्याची पिशवी, वाऱ्यापासून आडोसा देईल असे कापड आणि दोन दिवसांचा शिधा यांची जागा मालवाहू स्लेजवर नाही; या वस्तू स्नोमोबाइलवर किंवा चालकाच्या पाठीवर असाव्यात.