घरच्या फोटोंचं फडताळ

मागच्या दिवाळीत माझा फोन पाण्याच्या बादलीत पडला आणि धाकटीच्या बारशाचे सगळे फोटो गेले. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. मग ह्यांनी आणि मी मिळून घरीच फोटो साठवायची पेटी बसवली. 'नास' म्हणतात तिला.

तिच्यात चार-चार टीबीच्या दोन डिस्क घातल्या. 'मिरर' पद्धत निवडली, म्हणजे एकीवर जे उतरतं तेच दुसरीवरही. जागा आठ नव्हे, चारच टीबी मिळते. पण एक डिस्क बिघडली तरी दुसरी सांभाळून घेते. पेटी वायरीने राउटरला जोडायची, घरातल्या प्रत्येकाचं वेगळं खातं आणि पासवर्ड करायचा, फोनवर तिचं ॲप घ्यायचं. घरी आलं की फोटो आपोआप पेटीत! अचानक वीज गेली तर फाइली खराब होऊ शकतात, म्हणून छोटा यूपीएस हवाच.

मला वाटलं, झालं काम. पण एकदा सहलीचे फोटो माझ्याच हातून पुसले गेले, ते दोन्ही डिस्कवरून एकदमच! नशीब, बहिणीकडे होते. तेव्हा कळलं, जोडी असली म्हणजे राखण झाली असं नाही.

आता दर महिन्याला सुट्या डिस्कवर नक्कल काढते, दोन-चार फोटो उघडून बघते आणि डिस्क आईकडे ठेवून येते. तिचं घर दोन गल्ल्या पलीकडे आहे. वर्षाचं लोणचं आपण तरी एकाच बरणीत कुठे भरतो?