भेगाळलेल्या टाचा आणि त्वचेतील ओल

नाताळच्या सुमारास कोरडे वारे सुटले की घरोघरी हातापायांच्या भेगांची तक्रार सुरू होते. पुष्कळजण तिकडे दुर्लक्ष करतात. काहीजण बाजारातून मिळेल ते मलम आणतात आणि गुण आला नाही की पैसे फुकट गेले म्हणतात. अशा मलमांत काय असते व ते कसे काम करते हे समजले, तर थोडक्या खर्चात काम भागते. म्हणून ही माहिती येथे देत आहोत.

त्वचेचा सर्वांत वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. त्याची रचना भिंतीसारखी आहे. पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधील स्निग्ध पदार्थ म्हणजे चुना. या थरात पाणी मुरलेले असते. ते सुमारे १० टक्क्यांच्या खाली गेले की थर ताठ होतो आणि चालताना ताण पडला की तडकतो. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात, तसेच हे आहे. तळहात व तळपाय यांना तेलाच्या ग्रंथी नसतात, शिवाय टाचेची कातडी जाड असते. म्हणून भेगा तेथेच अधिक पडतात.

१९५२ साली अमेरिकेतील संशोधक अर्विन ब्लँक यांनी वाळलेल्या घट्ट्याच्या कातडीचे तुकडे तपासले. तेलात ठेवलेली कातडी कडकच राहिली, पाण्याने मात्र ती मऊ झाली. म्हणजे त्वचेला मऊ करते ते पाणी. तेलाचे मुख्य काम ते पाणी राखण्याचे.

मलमांतील घटक तीन प्रकारचे असतात.

१) पाणी धरून ठेवणारे : ग्लिसरीन व युरिया. शेणखत घातलेली माती ओल धरते, तसे हे घटक वरच्या थरात पाणी धरतात. मात्र हवा फार कोरडी असेल तर नुसते ग्लिसरीन त्वचेच्या आतलेच पाणी ओढते. म्हणून ते पाणी मिसळून लावावे व वर तेलकट लेप द्यावा. युरियाचे मलम औषधाच्या दुकानात मिळते. खताच्या पोत्यातील युरिया कधीही लावू नये.

२) फटी भरून त्वचा मऊ करणारे : खोबरेल, लोकरीपासून मिळणारे लॅनोलिन, तसेच गोव्या-कोकणात भेगांना पूर्वीपासून लावले जाणारे भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचे तेल.

३) झाकण घालणारे : पेट्रोलियम जेली, मेण. उसाच्या पाचटाचे आच्छादन घातले की रानाची ओल उडत नाही, तेच काम हे घटक करतात. यांत पेट्रोलियम जेली सर्वांत परिणामकारक आणि स्वस्तही आहे. पण वाळलेल्या रानावर आच्छादन घालून काय उपयोग? आधी पाणी, मग आच्छादन.

तेव्हा रात्री निजण्यापूर्वी पाय १०-१५ मिनिटे कोमट पाण्यात बुडवावेत. फडक्याने हलकेच टिपून, अंग ओलसर असतानाच मलम किंवा जेली चोळावी आणि सुती मोजे घालावेत. एका रात्रीत गुण येत नाही, दोन-तीन आठवडे नेमाने करावे. हातांचे काळे डाग काढण्यासाठी रॉकेल, डिझेल किंवा धुण्याचा सोडा वापरू नये. त्याने विटांमधला चुनाच धुऊन निघतो. भेगांची कातडी ब्लेडने कापू नये.

भेग ही उघडी जखम असते. तीतून शेणामातीतील जंतू आत जातात आणि फवारणीचे औषधही अधिक शोषले जाते. मलमाचा लेप म्हणजे हातमोजा नव्हे. फवारताना हातमोजे व बूट घालावेतच. धनुर्वाताची लस दर १० वर्षांनी टोचून घ्यावी.

मधुमेह असलेल्यांच्या पायांची जाणीव कमी झालेली असू शकते, त्यामुळे भेग चिघळली तरी कळत नाही. अशांनी रोज रात्री तळवे पाहावेत व पाय पाण्यात फार वेळ बुडवू नयेत. पाणी कोमट आहे याची खात्री घरच्या दुसऱ्या माणसाकडून करून घ्यावी. भेगेतून रक्त वा पू येत असेल, सूज चढली असेल किंवा बोटांच्या बेचक्यांत खाज असेल, तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांना दाखवावे. वेळीच दाखवलेला पाय सहसा वाचतो.