मांडीवरचा दांडा

जत्रेतल्या आकाशपाळण्यात मी पहिल्यांदा बसलो तो मामांच्या शेजारी. मामा भरल्या अंगाचे. पाळणेवाल्याने आमच्या दोघांपुढे मिळून एकच लोखंडी दांडा आडवा घातला, टोकाला खीळ अडकवली आणि पाळणा वर निघाला. दांडा मामांच्या पोटाला टेकला होता. माझी मांडी आणि दांडा यांच्यामध्ये मात्र वीतभर जागा होती. वरून खाली येताना पोटात गोळा आला, बूड फळीवरून सुटलं, आणि मी दांडा सोडून मामांचा शर्ट घट्ट धरला.

पुढे रोलर कोस्टरचं तंत्र समजून घ्यायला लागलो तेव्हा ती वीतभर जागा पुन्हा आठवली. जुन्या लाकडी कोस्टरच्या डब्यांतही असाच दोघांत एक दांडा असे. तो अडायचा जाड माणसाच्या मांडीवर किंवा पोटावर, आणि शेजारचं सडपातळ पोर मोकळंच राहायचं. आज बहुतेक नव्या गाड्यांत प्रत्येकाला स्वतंत्र दांडा असतो. दिसायला बदल किरकोळ आहे, पण माझ्या मते या क्षेत्रातल्या मोठ्या सुधारणांपैकी ही एक.

कोस्टरवर माणसाला जागेवर ठेवणाऱ्या यंत्रणेला इंग्रजीत रिस्ट्रेंट म्हणतात. आपण तिला पकड म्हणू. ही पकड नेमकं कोणतं काम करते, याबद्दल बहुतेकांचा गैरसमज असतो. आपल्याला धास्ती असते ती उलटं होण्याची, लूपची. डोकं खाली, पाय वर, म्हणजे माणूस पडणारच असं वाटतं. पण पाण्याने भरलेली बादली हात ताणून गरागरा फिरवली तर पाणी सांडत नाही, हे आपण सगळ्यांनी लहानपणी करून पाहिलंय. नीट आखलेल्या लूपच्या माथ्यावर तेच घडतं. गाडी वळत असते, शरीर सरळ जायला बघतं, आणि त्यामुळे ते सीटवर दाबलं जातं. तिथे पकडीला फारसं काम नसतं.

तिचं खरं काम असतं ते साध्या दिसणाऱ्या टेकाडावर. गाडी वेगाने टेकाडाच्या माथ्यावर येते, रूळ एकदम खाली वळतात. शरीर मात्र आधीच्याच दिशेने वर जात राहतं. गाडीने तरी रूळ का सोडू नये? कारण तिला रुळाच्या खालच्या बाजूनेही चाकं असतात. अमेरिकन अभियंता जॉन मिलर यांनी या चाकांचं पेटंट १९१९मध्ये घेतलं, आणि तेव्हापासून कोस्टर उंच आणि उग्र होत गेले. मिलरची चाकं डब्याला खाली ओढतात. डब्यातल्या माणसाला कोण ओढणार? मांडीवरचा दांडा. ७० किलोच्या माणसाला उणे एक जी इतकं त्वरण जाणवलं, तर तो जणू ७० किलो वजनाने आकाशाकडे ‘पडत’ असतो, आणि तो सगळा भार दांडा पेलतो. कोस्टरचे शौकीन याला एअरटाइम म्हणतात आणि त्या दोन सेकंदांसाठी तासतासभर रांगेत उभे राहतात.

हा भार शरीराच्या कोणत्या भागावर यावा, याचं उत्तर शरीरशास्त्रात आहे. मांडीचं हाड शरीरातलं सर्वांत लांब आणि बळकट हाड. कमरेचं हाडही दणकट, आणि शरीराचा गुरुत्वमध्य तिथेच आसपास. म्हणून दांडा मांड्यांच्या वरच्या टोकाला, जांघेलगत बसला की माणूस हाडांवर धरला जातो. तोच दांडा वर सरकून पोटावर आला तर खाली हाड नाही. मऊ पोट दबतं, दांडा घट्ट लागतो, आणि तरीही मांड्या त्याखालून निसटू शकतात. ज्याला तो आवळून दुखतोय, तो माणूस सुरक्षित असेलच असं नाही. घट्ट असणं आणि जागच्या जागी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे सगळ्यांत चांगलं कळतं ते कॅलिफोर्नियातल्या एका कोस्टरच्या चरित्रावरून. सिक्स फ्लॅग्ज मॅजिक माउंटन या उद्यानात १९७६मध्ये ‘ग्रेट अमेरिकन रेव्होल्यूशन’ सुरू झाला. आधुनिक काळातला, पोलादी रुळांवरचा पहिला उभा लूप त्याचा. उभा लूप पूर्वीही होता. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १८९५मध्ये ‘फ्लिप फ्लॅप’ नावाची गाडी अगदी गोल वर्तुळात फिरायची. वर्तुळात शिरता क्षणी मानेला असा हिसका बसे की लोक मान धरूनच उतरत. रेव्होल्यूशनचे निर्माते अँटोन श्वार्त्सकॉफ आणि अभियंता वेर्नर श्टेंगेल या जर्मन जोडीने वर्तुळ सोडून दिलं आणि थेंबासारखा आकार घेतला: खाली रुंद, वर निमुळता. वक्रता हळूहळू वाढत असल्याने हिसका बसत नाही. हा लूप इतका नीट आखलेला होता की प्रवाशांना फक्त मांडीवरचा दांडा पुरला.

त्याच्या वर्षभर आधी, त्याच राज्यातल्या नॉट्स बेरी फार्ममध्ये अ‍ॅरो कंपनीचा ‘कॉर्कस्क्रू’ आला होता. त्याला खांद्यावरून खाली येणारा, घोड्याच्या नालेसारखा जाड हार्नेस होता. पुढे उलट्यापालट्या कोस्टरसाठी हाच प्रघात पडला, आणि १९९२मध्ये रेव्होल्यूशनवरही असे हार्नेस बसवले गेले. गाडी तीच, रूळ तेच. पण आता प्रवाशाच्या दोन्ही कानांशेजारी एकेक कठीण खांब आला होता.

डोक्याचं वजन साधारण साडेचार-पाच किलो. गाडी बाजूला झुकली की मान ते तोलते, डोकं थोडं हलतं आणि परत येतं. दोन्ही बाजूंना खांब असले की तेच डोकं त्यांच्यावर आपटतं. आधी उजवा कान, मग डावा. इंग्रजीत यालाच हेडबँगिंग म्हणतात. जो हार्नेस माणसाला सांभाळायला आला, त्यानेच लोकांची डोकी शेकली. एके काळी ज्या गाडीचं नाव गुळगुळीत धावेसाठी निघायचं, तिच्यातून लोक कान चोळत उतरू लागले. अखेर २०१६मध्ये उद्यानाने नव्या गाड्या आणल्या, ‘न्यू रेव्होल्यूशन’ असं नाव दिलं आणि खांद्यावरचं ओझं काढून पुन्हा मांडीवरचा दांडा बसवला. चाळीस वर्षांनी गाडी मूळ पदावर आली.

दोष निव्वळ हार्नेसचा नव्हता, हेही सांगायला हवं. जुन्या आखणीत पीळ घेताना गाडी रुळाभोवती फिरे, त्यामुळे रुळापासून लांब असलेलं डोकं मोठ्या कमानीत फेकलं जाई. श्टेंगेल यांनी अक्षच वर उचलला आणि गाडी प्रवाशाच्या हृदयाच्या पातळीभोवती फिरेल अशी आखणी केली. रूळ चांगले आखले की पकड हलकी करता येते. म्हणूनच एखाद्या कोस्टरचा हार्नेस कानाला लागत असेल तर मी पहिला संशय रुळांवर घेतो.

आता कुलपाकडे वळू. जुन्या दांड्याचा आवाज ओळखीचा आहे: कट्, कट्, कट्. दातेरी पट्टीवर खिट्टी एकेक दात पुढे सरकते, मागे येऊ शकत नाही. यातली अडचण अशी की तुमची मांडी नेमकी दोन दातांच्या मध्ये आली, तर एक तर दांडा किंचित सैल राहतो, नाही तर एक दात जास्त खाली जाऊन रुततो. नव्या गाड्यांत तेलाचं सिलिंडर असतं. दांडा खाली येताना तेल एका बाजूने वाहतं, परतीची वाट झडपेने बंद. त्यामुळे दांडा कुठेही, केसाइतक्या अंतरावरही थांबतो, आणि आवाज येत नाही. काहींना तो आवाज न आल्याने धाकधूक वाटते; पण कुलूप लागलेलं असतं. अशी सिलिंडरं सहसा जोडीने बसवतात, एकाने दगा दिला तर दुसऱ्याने धरावं म्हणून. आणि झडप स्वभावतःच बंद असते. ती उघडायला मुद्दाम संदेश द्यावा लागतो. वीज गेली तर दांडा उघडत नाही, बंदच राहतो.

मग अपघात होतात कसे? गेल्या काही दशकांतल्या मोठ्या घटना पाहिल्या तर कुलूप तुटल्याचं फारसं आढळत नाही. २००४मध्ये अमेरिकेतल्या मॅसेच्युसेट्स राज्यात एक प्रवासी वेगवान कोस्टरमधून फेकला गेला. दांडा मांडीपर्यंत पोहोचलाच नव्हता, पोटावर अडला होता. २०११मध्ये न्यूयॉर्क राज्यात, युद्धात दोन्ही पाय गमावलेला एक माजी सैनिक असाच गेला. दांडा मांड्यांवर धरतो, आणि त्या तरुणाला धरायला पुरेशा मांड्या नव्हत्या. त्याला नकार द्यायला कुणाचं मन धजावलं नसेल, हे मी समजू शकतो. पण नियम होता, आणि तो दांड्याच्या कामावरूनच ठरला होता.

२०२२ची फ्लोरिडातली घटना कोस्टरची नाही, उंच मनोऱ्यावरून खाली सोडणाऱ्या पाळण्याची आहे. पण पकडीचा प्रश्न तोच. चौदा वर्षांचा, थोराड अंगाचा मुलगा. त्याच्या सीटवरचा सेन्सर हाताने बदलून ठेवलेला होता. त्यामुळे हार्नेस आणि सीट यांच्यात नेहमीपेक्षा जवळपास दुप्पट फट असूनही हिरवा दिवा लागला. दोन पायांमधून हार्नेसला जोडणारा पट्टाही नव्हता. पाळणा खाली येताना ब्रेक लागून वेग कमी झाला, आणि मुलगा त्या फटीतून निसटला. चालकाला दिसत होता फक्त हिरवा दिवा.

सेन्सरला कळतं ते दांडा कुठे आहे एवढंच. माणूस कुठे आहे हे त्याला कळत नाही. पोट आहे की मांडी, माणूस मागे टेकून बसलाय की पुढे घसरलाय, मध्ये कमरेची पिशवी किंवा जाड जाकीट आलंय का, हे पाहायला अजूनही माणसाचा डोळा आणि हात लागतो. गाडी सुटण्यापूर्वी कर्मचारी प्रत्येक दांडा वर खेचून पाहतो ना, ती यंत्रणेतली शेवटची आणि फार मोलाची कडी आहे. त्या वेळी फोटो काढत बसू नका. कंबर मागे टेकवा, पाठ ताठ ठेवा आणि त्याला त्याचं काम करू द्या.

नव्या पकडींपैकी मला सर्वांत रोचक वाटतं ते जाकीट. कठीण खांबांच्या जागी खांद्यांवरून येणारे मऊ, लवचीक पट्टे; खरा भार मांडीवरच्या दांड्यावर, पट्टे फक्त छातीला आवर घालायला. कान वाचले. पण ब्रेक लागताना शरीर पुढे जातं, दांडा आणखी थोडा खाली बसतो, आणि काही जाकिटं फेरीच्या शेवटी छाती आवळतात. गाडी स्थानकाबाहेर थांबून राहिली तर ती दोन मिनिटं फार लांबतात. सुखसोयीचा प्रश्न अजून सुटलेला नाही, एवढाच याचा अर्थ.

खोपोलीजवळच्या इमॅजिकामध्ये ‘नायट्रो’ हा कोस्टर आल्यापासून खांद्यावरून येणारे हार्नेस मराठी घरांनाही ओळखीचे झाले आहेत. रांगेच्या तोंडाशी असणारी उंचीची पट्टीही ओळखीची. तिच्यापुढे पोराला टाचा उचलायला लावणारे आईबाप मी पाहिलेत. उंची ही खरं तर एक सोपी खूण आहे. तिच्यावरून मांडीची लांबी आणि खांद्यांची जागा यांचा अंदाज घेतला जातो. अंगाने मोठ्या माणसांसाठी तर पट्टीही नसते. म्हणून परदेशातल्या अनेक उद्यानांत रांगेच्या सुरुवातीलाच एक नमुन्याची सीट ठेवतात. टेक्सासमध्ये २०१३मध्ये ‘न्यू टेक्सास जायंट’वरून एक महिला पडून दगावली, तो कोस्टर पुन्हा सुरू झाला तेव्हा त्यावर जादा पट्टे आले आणि प्रवेशापाशी अशी सीटही. तासभर उभं राहून शंभर लोकांदेखत उठवलं जाण्यापेक्षा सुरुवातीलाच बसून पाहणं किती बरं. आपल्याकडच्या प्रत्येक मोठ्या पाळण्यापाशी ती असावी असं मला मनापासून वाटतं.

मागच्या उन्हाळ्यात माझी भाची अशाच एका पट्टीपाशी दोन बोटं कमी पडली. तिच्या बाबांनी हुज्जत घालून पाहिली. तिथला मुलगा नम्रपणे म्हणाला, “साहेब, नाही जमणार. ताई, पुढच्या वर्षी ये.” भाची रडली. मग आम्ही दोघं बर्फाचा गोळा घेऊन कुंपणापाशी, टेकाडाच्या समोर बसलो. गाडी माथ्यावर आली, हात वर गेले, केस वर गेले.

“मामा, ते सगळे सीटवरून उठतायत,” ती म्हणाली. मग डोळे बारीक करून पाहत राहिली. पुढची गाडी आली तेव्हा म्हणाली, “पण मांड्या नाही उठत.”