सायकलीचा सांगाडा आणि त्याचे सांधे

वेगवान रोड सायकल घ्यावयास दुकानात गेलेला तरुण पहिल्याने एकच प्रश्न विचारतो, "कार्बन आहे ना?" विक्रेता म्हणतो, "कार्बनही आहे आणि ॲल्युमिनियमही आहे. दोहोंचे गुण एकत्र!" महिनोन्‌महिने साठवलेले पैसे मोजून दिले जातात आणि विचारणे तेथेच संपते. माझे म्हणणे असे की, खरे विचारणे तेथून पुढे सुरू व्हावयास हवे. दोन निराळ्या वस्तू एकत्र आणल्या, हे समजले. पण त्या जोडल्या कशा? मी इंजिनियर नव्हे. कामगार संघटनेत आयुष्य काढलेला माणूस आहे. पण जे मोडते ते बहुधा सांध्यापाशी मोडते, एवढे मला यंत्रांनी शिकवले आहे आणि माणसांनीही.

आधी वस्तूंची ओळख करून घेऊ. पोलाद पाण्याच्या सुमारे ७.८ पट जड, ॲल्युमिनियम २.७ पट. पण ताठरपणातही ॲल्युमिनियम पोलादाच्या एक तृतीयांशच भरते. मग हलकी फ्रेम ताठ कशी करायची? नळी रुंद करून. पातळ नळीचा व्यास दुप्पट केला आणि भिंतीची जाडी तेवढीच ठेवली, तर वजन दुप्पट होते, पण वाकण्यास होणारा विरोध सुमारे आठपट होतो. ॲल्युमिनियमच्या फ्रेमा गलेलठ्ठ दिसतात त्या एवढ्यासाठी. पोलादाचा मात्र एक मोठा गुण आहे. ठराविक मर्यादेच्या आतले धक्के ते अगणित वेळा सोसते. ॲल्युमिनियमला अशी निश्चित मर्यादा नाही; म्हणून त्याच्यावर मुळातच कमी ताण येईल अशी फ्रेम आखावी लागते.

कार्बनची जात निराळी. केसाहून बारीक तंतूंचे पदर एपॉक्सी राळेत बसवून त्याच्या नळ्या घडवतात. पाण्याच्या तुलनेत ते जेमतेम १.६ पट जड. त्याचे बळ तंतूंच्या दिशेत असते. आपला बांबू घ्या. लांबीच्या दिशेने ओढला तर तुटत नाही, पण टोकाला कोयत्याची धार लागली की उभा चिरत जातो. कार्बनचे पदर निरनिराळ्या दिशांनी रचून कारखानदार हा दोष झाकतात. तरी अवचित बसलेला आडवा ठोसा त्याला सोसत नाही, आणि आत झालेली इजा वरच्या रंगावरून दिसेलच असे नाही.

तेव्हा एकाचे गुण दुसऱ्यास द्यावेत ही कल्पना वाईट नव्हती. १९८६ साली अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने टूर द फ्रान्स जिंकली, ती कार्बनच्या नळ्या ॲल्युमिनियमच्या सांध्यांत चिकटवलेल्या सायकलीवर. सन २००० नंतरच्या काही वर्षांत मुख्य त्रिकोण ॲल्युमिनियमचा आणि सीटखालून मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या नळ्या कार्बनच्या, अशा फ्रेमा पुष्कळ निघाल्या. आज रूढ आहे ते साधे मिश्रण: फ्रेम ॲल्युमिनियमची, पुढचा चिमटा कार्बनचा.

या मिश्रणात एक वैर लपलेले आहे. कार्बनमधून वीज वाहते. कार्बन आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकलेले असताना मध्ये खारे पाणी शिरले, की त्यांची एक छोटी बॅटरीच तयार होते आणि तीत ॲल्युमिनियम झिजत जाते. त्याचा जो पांढरा गंज धरतो तो मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापतो. त्या फुगण्याने चिकटवलेला सांधा सुटू शकतो किंवा नळीतला सीटचा दांडा असा आवळला जातो की हलता हलत नाही. खारे पाणी कोठून येणार, असे कोणी विचारील. घाम आहे, आणि कोकणपट्टीत समुद्राची हवाही आहे. चांगले कारखानदार दोहोंमध्ये काचतंतूंचा पदर घालून ही गाठभेट टाळतात. जुन्या चिकटवलेल्या फ्रेमांत ही काळजी घेतली होती की नाही, हे बाहेरून पाहणाऱ्याला कळायला मार्ग नाही.

यावरून माझा नियम असा: जो सांधा उघडून पाहता येतो, तो पत्करावा. ॲल्युमिनियमची फ्रेम आणि कार्बनचा चिमटा यांच्या मध्ये बेअरिंगे असतात. दोन्ही वेगळे होतात, पुसता येतात, एक बिघडले तर दुसरे वाचते. चिकटवलेल्या फ्रेमेत एक सांधा सुटला की बहुधा सगळी फ्रेमच बाद होते. चिमट्याचेही विचारून घ्या: त्याची हँडलकडे जाणारी नळी कार्बनची की ॲल्युमिनियमची? ॲल्युमिनियमची असल्यास आत एक चिकटवलेला सांधा आहेच. म्हणून जोराची टक्कर झालेला चिमटा बदलावा, मन वळवीत बसू नये. उतारावर चिमटा मोडला तर सावरायला वेळ मिळत नाही.

हलकेपणाचा हिशेबही करून पाहा. कार्बनच्या चिमट्याने वजन तीनशे ग्रॅम वाचले असे धरू. माणूस आणि सायकल मिळून ऐंशी किलो. म्हणजे बचत शेकडा अर्धाही नाही. राहिला आराम. खडबडीत रस्त्यावर तो फ्रेमच्या नावापेक्षा टायरच्या रुंदीने आणि हवेच्या दाबाने अधिक मिळतो. २८ किंवा ३२ मिलिमीटरचा टायर जिच्यात मावतो ती फ्रेम घ्यावी.

दुकानात जाल तेव्हा क्रम असा ठेवा. प्रथम माप, अंगास न बसणारी फ्रेम सोन्याची असली तरी नको. मग टायरला जागा. मग सांधे कोणते, ते उघडतात का, आणि हमी किती वर्षांची, लेखी आहे का. घरी आणल्यावर सीटचा दांडा दर दोन-तीन महिन्यांनी काढून पुसावा, आणि कार्बनसाठी मिळणारी पेस्ट लावून परत बसवावा. बोल्ट भागावर छापलेल्या आकड्याइतकेच आवळावेत. मनगटाच्या जोरावर विसंबल्यास कार्बन चिरडतो.

जुनी चिकटवलेली फ्रेम स्वस्तात मिळत असेल तर मोह आवरावा. ती स्वस्त का झाली, हे तिचे सांधे जाणतात. आणि ते बोलतात तेव्हा आपण सीटवर बसलेले असतो.