जवळच्या इमारती, एकच जोडणी

पंचायत समितीचे मुख्य कार्यालय एका इमारतीत, शिक्षण विभाग दुसरीत आणि आरोग्य विभाग रस्त्यापलीकडे, हे दृश्य तालुक्याच्या गावी नित्याचेच आहे. अंतर जेमतेम शे-दोनशे मीटरचे. परंतु प्रत्येक इमारतीचा दूरध्वनी वेगळा, इंटरनेटची जोडणी वेगळी आणि दरमहाचे देयकही वेगळे. इमारती एकमेकींशी जोडल्या, तर एकाच जोडणीचा लाभ सर्वांना मिळतो आणि आपसातील संभाषणास निराळा खर्च पडत नाही. हे काम वाटते तितके अवघड वा महाग नाही. मात्र जोडणीचे माध्यम विचारपूर्वक निवडावयास हवे.

तांब्याची तार का नको?

सर्वांत सुचणारा मार्ग म्हणजे संगणकाची नेहमीची तांब्याची केबल एका छतावरून दुसऱ्या छतावर ओढणे. तो टाळणेच श्रेयस्कर. एक तर अशा केबलची मर्यादा १०० मीटर. दुसरे व अधिक गंभीर कारण म्हणजे वीज. जवळपास वीज कोसळली की दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये क्षणभर मोठा विद्युतदाब-फरक निर्माण होतो आणि तो तारेवाटे थेट उपकरणांत शिरतो. वळवाच्या एका पावसात दोन्ही टोकांचे संगणक निकामी होऊ शकतात.

काचेचा मार्ग

प्रकाशतंतू, म्हणजेच ऑप्टिकल फायबर, हा यावरचा उत्तम उपाय होय. केसासारख्या बारीक काचेतून प्रकाशाच्या रूपाने माहिती वाहते. काच वीजवाहक नसल्याने दोन इमारतींत विद्युतसंबंध राहत नाही. मात्र पोलादी कवचाची केबल घेतल्यास कवचाचे अर्थिंग करावे लागते. सिंगल मोड प्रकारच्या तंतूतून सेकंदाला १ गिगाबिट वेगाने १० किलोमीटरपर्यंत माहिती सहज पाठविता येते. दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर हे छोटे उपकरण बसविले की काम भागते. येथे खरा खर्च तंतूचा नसून खोदाईचा असतो. म्हणून आवारात नळ वा विजेसाठी चर खणला जात असेल, तेव्हाच त्यात एक रिकामी नळी टाकून ठेवणे शहाणपणाचे.

बिनतारी मार्ग

मध्ये रस्ता वा ओढा असून खोदाई शक्य नसेल, तर बिनतारी दुवा उपयोगी पडतो. केंद्र शासनाने २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा आणि २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला. ठरलेल्या शक्तिमर्यादेत, मान्यताप्राप्त उपकरणे वापरल्यास त्यांसाठी वेगळा परवाना लागत नाही.

यासाठी दोन्ही छतांवरील अँटेना एकमेकींना स्पष्ट दिसल्या पाहिजेत. केवळ दिसणेही पुरेसे नाही. ५.८ गिगाहर्ट्झच्या १ किलोमीटर लांबीच्या दुव्यात मध्यभागी दृष्टिरेषेभोवती सुमारे २ मीटर जागा मोकळी हवी. एवढ्या अंतरावर पावसाच्या सरी फारशी बाधा आणीत नाहीत. पावसाळ्यात वाढलेली ओली पालवी मात्र आणते. उन्हाळ्यात निष्पर्ण झाडापलीकडे साधलेला दुवा श्रावणात तुटतो, तो यामुळेच. छतावरील अँटेनेस आतून येणारी केबल तांब्याचीच असते. तिला अर्थिंग व विद्युतलाट-रोधक अवश्य जोडावा.

संभाषणास किती क्षमता लागते?

आवाजाला फारच थोडी. नेहमीच्या पद्धतीत एका संभाषणास प्रत्येक दिशेने सेकंदाला ८० ते ९० किलोबिट पुरतात. म्हणजे एकाच वेळी दहा संभाषणे चालली, तरी १ मेगाबिटच्या आतच काम होते. उरलेली सर्व क्षमता नोंदी, नकाशे व चित्रफितींसाठी मोकळी राहते. वीजपुरवठा खंडित झाल्यास दुवा बंद पडू नये म्हणून दोन्ही टोकांना बॅटरीची सोय मात्र हवी.

निर्णय घेण्यापूर्वी

अंतर मोजावे, छतावर चढून समोरची इमारत पाहावी, रस्ता ओलांडावयाचा असल्यास संबंधित यंत्रणेची परवानगी घ्यावी आणि अंदाजपत्रकात अर्थिंगची तरतूद प्रथम करावी. स्वस्त म्हणून ओढलेली तांब्याची तार एका वादळात सर्वांत महाग ठरते. विचारपूर्वक टाकलेला काचेचा तंतू मात्र दीर्घकाळ सेवा देतो.