कण्याची नळी अरुंद होते तेव्हा

मानेत 7, छातीच्या मागे 12 आणि कमरेत 5 असे मणके एकावर एक रचून पाठीचा कणा बनतो. प्रत्येक मणक्याच्या मागच्या बाजूला हाडाची कमान असते. या कमानी एकाखाली एक येऊन जी पोकळी तयार होते, ती कण्याची नळी. मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू या नळीतून खाली उतरतो. मोठ्या माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याच्या खाली पाय, मूत्राशय आणि गुदद्वाराकडे जाणाऱ्या नसांचा जुडगा लोंबत असतो. तो घोड्याच्या शेपटीसारखा दिसतो आणि त्याच्या 'कॉडा इक्वायना' या लॅटिन नावाचा अर्थही तोच आहे. नळी अरुंद होऊन त्यातल्या नसा किंवा मज्जारज्जू आवळला जाणे म्हणजे 'स्पायनल स्टेनोसिस'.

कमरेतल्या नळीची पुढून मागपर्यंतची खोली साधारणपणे 15 ते 25 मिलिमीटर असते. ती 10 मिलिमीटरच्या खाली गेली की नळी नक्कीच अरुंद मानली जाते. काहींची नळी जन्मतःच लहान असते. नेदरलँड्समधले शल्यविशारद हेंक व्हरबीस्ट यांनी 1954 मध्ये अशा रुग्णांचे सविस्तर वर्णन केले आणि या विकाराला वैद्यकात ठळक स्थान मिळाले. बहुतेकांच्या बाबतीत मात्र कारण वयाचे असते. दोन मणक्यांमधली गादी सुकते, बसते आणि मागे फुगते. बोलताना लोक याला 'मणक्यात गॅप आली' म्हणतात. खरे तर गादी बसल्यामुळे दोन मणक्यांतले अंतर कमी झालेले असते. गादीवरचा भार मागच्या छोट्या सांध्यांवर पडतो, ते जाड होतात आणि त्यांच्या कडेने हाड वाढते. नळीच्या मागच्या भिंतीला अस्तरासारखा असलेला पिवळसर अस्थिबंधही जाड होतो. पुढून गादी, बाजूने सांधे आणि मागून अस्थिबंध अशी तिन्हीकडून जागा कमी होते. कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमध्ये हे सर्वांत जास्त आढळते. कधी एक मणका दुसऱ्यावरून पुढे सरकल्यानेही नळी चेपते.

या विकाराची ओळख चालण्यातून पटते. घरातून निघालेल्या माणसाला पाच-दहा मिनिटांत कुल्ल्यांपासून पोटऱ्यांपर्यंत पाय जड वाटू लागतात, मुंग्या येतात, पाय ओढत नेल्यासारखे होतात. तो एखाद्या दुकानाच्या पायरीवर टेकतो. दोन मिनिटांत पाय पुन्हा हलके होतात, तो उठून चालू लागतो आणि काही अंतरावर पुन्हा बसायला जागा शोधतो. यामागे साधा हिशेब आहे. ताठ उभे राहिले की अस्थिबंधाला घडी पडून तो नळीत शिरतो; बसले किंवा पुढे वाकले की तो ताणला जातो आणि नसांना जागा मिळते. म्हणून अशा माणसाला चढण सोपी आणि उतार अवघड वाटतो. अर्धा किलोमीटर न चालू शकणारा माणूस पुढे वाकून सायकल मात्र बराच वेळ चालवू शकतो.

पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी चालताना पोटऱ्या दुखतात, पण तिथे नुसते उभे राहिल्यावरही आराम पडतो, सायकल चालवतानाही त्रास होतो आणि पायाची नाडी मंद लागते. मधुमेहाने नसांवर परिणाम झाला असेल तर तळपायांची आग बसल्या-झोपल्याही होते. म्हणून डॉक्टर आधी चालण्याबद्दल विचारतात, पायांची ताकद, संवेदना आणि नाडी तपासतात. एमआरआय त्यानंतर येतो. अमेरिकेत 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, काहीही त्रास नसलेल्या साठीपुढच्या लोकांपैकी सुमारे एक पंचमांश जणांच्या एमआरआयमध्ये नळी अरुंद दिसली. तेव्हा अहवालातल्या 'स्टेनोसिस' या एका शब्दावरच उपचार ठरत नाहीत.

कमरेतला स्टेनोसिस बहुधा वर्षानुवर्षे संथ राहतो आणि सौम्य त्रास असलेल्या बऱ्याच जणांना शस्त्रक्रियेवाचून बरे वाटते. पहिला उपचार व्यायामाचा. पाठीवर झोपून गुडघे छातीशी घेणे, पोटाचे स्नायू बळकट करणे, स्थिर सायकल चालवणे आणि थांबत थांबत चालणे यांचा उपयोग होतो. भुजंगासन, धनुरासन यांसारखी कंबर मागे वाकवणारी आसने त्रास वाढवू शकतात. वेदनाशामक गोळ्या थोड्या दिवसांसाठी ठीक. मूत्रपिंड, जठर किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनी त्या मनाने घेऊ नयेत. कमरेचा पट्टा थोडा आधार देतो, पण कायम बांधला तर स्नायू ढिले पडतात. कण्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन देण्याची पद्धत रुळलेली आहे. मात्र 400 रुग्णांवर केलेल्या आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत, नुसत्या भुलीच्या औषधापेक्षा स्टिरॉइड मिसळल्याने सहा आठवड्यांनंतर फारसा जादा फायदा दिसला नाही.

काही महिने हे करूनही चालण्याचे अंतर घटत गेले, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. तिच्यात कमानीचा भाग आणि जाड झालेला अस्थिबंध काढून नसा मोकळ्या करतात. हे आता दुर्बिणीतून, लहान छेद घेऊनही करता येते. मणका अस्थिर असेल तर स्क्रू आणि सळ्यांनी दोन मणके जोडतात. ही जोड सरसकट लागत नाही. स्वीडनमधल्या 247 रुग्णांच्या चाचणीत (2016) केवळ नसा मोकळ्या केलेले आणि शिवाय मणके जोडलेले, अशा दोन्ही गटांची प्रकृती दोन वर्षांनी सारखीच होती. पायांच्या तक्रारी शस्त्रक्रियेने चांगल्या कमी होतात, नुसती कंबरदुखी मात्र तितकी हटत नाही. जंतुसंसर्ग, नसांभोवतीचे आवरण फाटणे, पायात रक्ताची गुठळी होणे हे धोके असतात आणि काही वर्षांनी दुसऱ्या मणक्यांजवळ नळी पुन्हा अरुंद होऊ शकते.

मानेतला स्टेनोसिस वेगळा मोजावा लागतो, कारण तिथे खुद्द मज्जारज्जू दाबला जातो. शर्टाची बटणे लावता न येणे, अक्षर बिघडणे, चालताना तोल जाणे ही त्याची लक्षणे. झालेली हानी पूर्ण भरून येईलच असे नसते, त्यामुळे इथे शस्त्रक्रिया फार लांबवत नाहीत. कमरेच्या विकारातही लघवी अडणे, शौचावर ताबा न राहणे, जांघा आणि बैठकीचा भाग बधिर होणे किंवा पाय झपाट्याने लुळे पडणे यांपैकी काही दिसले, तर रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात नेणे आवश्यक असते.