मार, धाक आणि आदर: काही पक्के गैरसमज

"आमच्या वेळी वडील नुसते दारात उभे राहिले तरी घर चिडीचूप व्हायचं." लग्नघरात, सोसायटीच्या कट्ट्यावर, पालकसभेत हे वाक्य कधी ऐकलं नाही असा मराठी माणूस सापडणं कठीण. त्यापाठोपाठ दुसरं येतंच: आताच्या पोरांना कुणाची भीड म्हणून उरलेली नाही. बोलणाऱ्याची कळकळ खरी असते. नातवंडं पाहुण्यांकडे मान वर करून बघत नाहीत, आजोबांनी हाक मारली तर ओ देत नाहीत, हे रोज दिसतं आणि मनाला लागतं. पण या दुखण्यावर जो उपाय सांगितला जातो, की दोन ठेवून द्या म्हणजे सुतासारखी सरळ येतील, तो एकदा नीट तपासायला हवा.

आधी तक्रारीचंच वय बघू. तरुण पिढी उद्धट झाली आहे, मोठ्यांसमोर उठून उभी राहत नाही, गुरुजनांना जुमानत नाही, अशा अर्थाचं एक वचन सॉक्रेटिसच्या नावावर जगभर फिरतं. ते सॉक्रेटिसचं नाही. केनेथ जॉन फ्रीमन या केंब्रिजच्या अभ्यासकाचा प्राचीन ग्रीक शिक्षणावरचा प्रबंध १९०७ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्याने जुन्या ग्रीक लेखनातल्या तक्रारींचा स्वतःच्या शब्दांत जो गोषवारा दिला, तोच पुढे सॉक्रेटिसच्या तोंडी घातला गेला. वचन खोटं असलं तरी तक्रार मात्र खरोखरच तेवढी जुनी आहे.

ती प्रत्येक पिढीला नव्याने खरी का वाटते, यावर जॉन प्रॉट्झ्को आणि जोनाथन स्कूलर या मानसशास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या प्रौढांना त्यांनी आजच्या मुलांबद्दल विचारलं. स्वतः अधिकार आणि शिस्त मानणाऱ्यांना आजची मुलं जास्त अनादर करणारी वाटली, तर भरपूर वाचणाऱ्यांना ती वाचत नाहीत असं वाटलं. ज्या गुणात आपण सरस, त्याच गुणात पुढची पिढी आपल्याला उणी दिसते. शिवाय आपण आज जसे आहोत तसेच लहानपणीही होतो, अशी आठवण आपण नकळत रचतो. आजोबांना दहा वर्षांचे असताना आपण किती आज्ञाधारक होतो हे जसं आठवतं, तसं ते पणजीने सांगितलं असतं का, याची खात्री देता येत नाही.

आता कुणी मुलांवर हात उगारत नाही म्हणून ती शेफारली, हा समज तर आकड्यांपुढे टिकतच नाही. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली मुलांवरील अत्याचारांचा देशव्यापी अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्र आणि गोवा धरून १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी त्यासाठी बोलणं झालं. दर तीन मुलांपैकी दोघांनी मार खाल्ल्याचं सांगितलं. घरात मार खाल्लेल्यांपैकी बहुतेकांना मारणारे आईवडीलच होते. मार बंद झाल्यामुळे पिढी बिघडली असं म्हणायचं, तर आधी मार बंद व्हायला हवा होता.

बरं, माराने साधतं काय? एलिझाबेथ गेर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी पन्नासेक वर्षांचं संशोधन आणि सुमारे १ लाख ६० हजार मुलांची माहिती एकत्र करून २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्या मुलांना जास्त चापट्या बसतात, ती पुढे जास्त ऐकतात असं दिसलं नाही. उलट हट्टीपणा, मारामारी आणि मनाचे त्रास त्यांच्यात जास्त आढळले. मुळात द्वाड मुलांनाच जास्त मार बसत असेल, अशी शंका यावर कुणीही घेईल आणि ती रास्त आहे. म्हणूनच २०२१ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आलेला आढावा महत्त्वाचा ठरतो. त्यात मुलांचा वर्षानुवर्षं माग ठेवणारे ६९ अभ्यास तपासले होते. मार खाल्ल्यानंतरच्या काळात मुलांचं वागणं सुधारल्याचं त्यातून दिसलं नाही. ते बिघडत गेल्याचं मात्र दिसलं.

आकड्यांपेक्षाही बोलका आहे तो पश्चिम आफ्रिकेतला एक प्रयोग. व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली यांनी तो २०११ मध्ये प्रसिद्ध केला. शाळा दोन, मुलं तीन-चार वर्षांची. एका शाळेत पेन्सिल विसरली तरी सगळ्यांदेखत छडी, टपली नाहीतर चिमटा. दुसऱ्या शाळेत चुकलं की समज द्यायची, फार तर मुख्याध्यापकांकडे पाठवायचं. प्रत्येक मुलाला एका खोलीत बसवून पाठीमागे खेळणं ठेवलं, "वळून बघायचं नाही हं" असं बजावलं आणि मोठं माणूस बाहेर गेलं. दोन्ही शाळांतल्या बहुतेक मुलांनी वळून बघितलं. त्या वयाचं मूल बघणारच. फरक पडला तो पुढे. "बघितलंस का?" असं विचारल्यावर छडीच्या शाळेतल्या, बघितलेल्या जवळपास सगळ्या मुलांनी नाही म्हणून सांगितलं आणि पुढच्या प्रश्नांनाही ती सफाईने पुरून उरली. दुसऱ्या शाळेतली मुलं खोटं कमी बोलली आणि बोलली तरी लवकर पकडली गेली. छडीने मोह आवरायला शिकवलं नाही. चार वर्षांच्या पोराला तिने सराईत थापा मारायला शिकवलं. ज्या घरांत "आमचा मुलगा आमच्यासमोर ब्र काढत नाही" असं अभिमानाने सांगितलं जातं, त्यांनी हा प्रयोग जरूर वाचावा.

"आम्हीही मार खाल्ला, आमचं काय वाकडं झालं?" या प्रश्नात तथ्य आहे. मार खाल्लेलं प्रत्येक मूल बिघडत नाही आणि संशोधकही तसं म्हणत नाहीत. ते म्हणतात, धोका वाढतो. पण मार खाऊनही चांगली निघालेली माणसं मारामुळे चांगली निघाली का? साने गुरुजींची 'श्यामची आई' इथे हमखास पुढे केली जाते. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेल्या या पुस्तकात आईने श्यामला शिंपटीने मारल्याचा प्रसंग आहे खरा. पोहायला जायचं टाळून तो लपून बसला होता. पण त्याच पुस्तकात आंघोळ झालेल्या श्यामच्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आई धोंड्यावर आपल्या लुगड्याचे ओचे पसरते, आणि पायांना जपतोस तसा मनालाही जप, असं त्याला सांगते. पिढ्यान्‌पिढ्या वाचक आठवत आले ते हे ओचे. शिंपटी बाजूला काढली तरी ही आई उणी होत नाही.

मुलांना मारू नये हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे, हा समज दोन्ही बाजूंनी चुकीचा आहे. अमेरिकेत घरात मुलाला चापट मारणं आजही कायदेशीर आहे आणि काही राज्यांत शाळेतही शारीरिक शिक्षेला मुभा आहे. इंग्लंडच्या सरकारी शाळांतली छडी बंद झाली ती १९८० च्या दशकात. आपल्या परंपरेतही पाच वर्षं लाड करा, पुढची दहा वर्षं झोडपा आणि सोळाव्या वर्षी मित्र माना, असं सांगणारं चाणक्याच्या नावावरचं वचन आहेच.

पण छडीला ठाम नकार देणारी माणसंही इथलीच. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढलं. त्यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातला शिक्षक पहिल्या दिवशी वर्गाला शांततेचा खेळ खेळायला सांगतो आणि साफ फसतो, नुसता गोंधळ होतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला लागतो आणि वर्ग आपोआप गप्प होतो. गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक पुढे महाराष्ट्रात आल्या. १९४५ पासून डहाणू तालुक्यातल्या बोर्डी आणि मग कोसबाड इथे अनुताई वाघांना सोबत घेऊन त्यांनी आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. मुलं शाळेत येत नव्हती. त्यांना उनाड ठरवून बोलणी खायला लावणं सोपं होतं. या दोघींनी मुलं का येत नाहीत ते शोधलं. मुलगे गुरं राखत होते, तेव्हा शाळाच कुरणावर नेली. तीच कुरणशाळा. मुलींच्या कडेवर धाकटी भावंडं असायची, तेव्हा शाळेला पाळणाघर जोडलं. वागणं खटकलं की आधी कारण शोधायचं, ही शिस्तीची रीत डहाणूच्या मातीत रुजलेली आहे.

म्हणजे मग मुलांना मोकाट सोडायचं? मुळीच नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त गल्लत होते. डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकांचं निरीक्षण करून तीन प्रकार सांगितले होते: नुसती हुकमत गाजवणारे, सगळंच चालवून घेणारे आणि माया व ठाम नियम दोन्ही देणारे. मुलांची वाढ सगळ्यात चांगली झाली ती तिसऱ्या घरांत. लाडावून ठेवणाऱ्या घरांत नव्हे. दूध सांडलं तर फडकं आणून पुसायचं, मग कितीही रडू येऊ दे. आजीला उलट उत्तर दिलं तर तिच्याशी नीट बोलेपर्यंत टीव्ही लागणार नाही, आणि आईने नाही म्हटलेलं बाबांकडून मिळणार नाही. हे थोबाडीत मारण्यापेक्षा कितीतरी कष्टाचं काम आहे, कारण इथे नियम मोठ्यांनाही पाळावा लागतो.

आदराचंही तसंच. १९६१ मध्ये अल्बर्ट बांडुरा यांच्या प्रयोगात मोठ्या माणसाला बाहुला बडवताना पाहिलेल्या मुलांनी नंतर तो बाहुला तसाच बडवला. पाहुणे आले की मान दाबून नमस्कार करायला लावता येतो. पण वडील कामवाल्या मावशींना "अगं ए" म्हणत असतील आणि घरात आजोबांचं बोलणं अर्ध्यात तोडलं जात असेल, तर मूल ते शिकतं.

कायद्याबद्दलचा एक गैरसमज शिक्षकांच्या आणि पालकांच्याही मनात आहे. "गुरुजी, खुशाल बडवा, आमचं काही म्हणणं नाही" असं पालक आजही सांगतात. या परवानगीला अर्थ नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली आहे. कोंबडा करून उभं करणं आणि वर्गासमोर घालूनपाडून बोलणं, दोन्ही त्यात आलं. घरातल्या माराला सरसकट मनाई करणारा कायदा भारतात नाही. मुलाला क्रूर वागणूक दिली तर मात्र २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७५ पालकांनाही लागू होऊ शकतं. शेजारच्या नेपाळने २०१८ मध्ये घरातला मारही बंद केला. जर्मनीत २००० पासून तशी बंदी आहे, त्यामुळे नोकरीसाठी तिकडे जाणाऱ्या मराठी कुटुंबांना हे माहीत असायला हवं. इकडे शाळेत मार बसला, तर पालकांना राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे तक्रार करता येते. १०९८ या हेल्पलाइनवर तर मूल स्वतःही फोन करू शकतं.